जर्मनच्या दोन लढाया

पुणे, सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतल्या जुन्या गावांत कधी चावडीच्या भिंतीत, कधी शाळेच्या, कधी देवळाच्या आवारात एक लहानशी दगडी पाटी बसवलेली दिसते. मजकूर जेमतेम दोन ओळींचा. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानभर अशा पाट्या बसवल्या. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच, फक्त आकडे बदलायचे. बऱ्याच पाट्यांवर गावाचंही नाव नाही, नुसतं 'या गावातून'. माणसांची नावं तर नाहीतच.

पाटीवर धूळ असते, चुन्याचे ओघळ असतात, निवडणुकीच्या दिवसांत एखादं पत्रकही चिकटवलेलं असतं. गावातल्या पोरांना विचारलं तर ती म्हणतात, इंग्रजांच्या काळातलं काहीतरी आहे. त्यांचंही चुकत नाही.

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाची गोष्ट मात्र वेगळी. त्या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तिथं स्तंभ उभा आहे, आणि आजही गावातल्या घराघरातून फौजेत माणूस जातो. पण अपशिंगे एक. बाकी शेकडो गावं अशी, की जिथं आकडा दगडावर राहिला आणि माणूस विस्मरणात गेला.

मला आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, तो या विसरलेल्यांतलाही जास्त विसरलेला. पहिल्या लढाईत गेला, जिवंत परत आला, पुन्हा नांगर धरला, आणि दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा पुन्हा खाकी चढवली असा शेतकरी. हिशोब अगदी साधा आहे. १९१५ साली सतरा वर्षांचा असताना भरती झालेला पोरगा १९३९ साली एक्केचाळीस वर्षांचा होता. पंधरा-अठरा वर्षांची नोकरी करून तो पेन्शनीवर आलेला, पण अंगात अजून बळ होतं आणि सरकारला माणसं हवी होती. अशा पेन्शनरांना परत बोलावून गॅरिसन पलटणी उभ्या केल्या गेल्या, दारूगोळ्याच्या कोठारांवर आणि पुलांवर पहारे ठेवले गेले, रंगरूटांच्या कवायतीसाठी त्यांना नेमलं गेलं. काहींनी नुसती भरतीची कामं केली. फेटा बांधून, छातीवर बिल्ले लावून बाजाराच्या दिवशी गावात फिरायचं आणि पोरांना गोळा करायचं. त्या बिल्ल्यांकडे बघूनच कितीतरी पोरं गेली असतील.

खेड्यातली माणसं पहिल्या महायुद्धाला 'जर्मनची लढाई' म्हणत. दुसऱ्या वेळीही पुढे जर्मनच होता. तेव्हा ती पुन्हा जर्मनचीच लढाई झाली.

आता प्रश्न असा, की मुळशीच्या, मावळच्या किंवा माणच्या शेतकऱ्याचं जर्मनाशी भांडण काय होतं? काही नव्हतं. त्याचं भांडण पोटाशी होतं. याचा उत्तम पुरावा पुण्याच्या अगदी उंबऱ्यावर मिळतो. डॉ. हॅरॉल्ड मान नावाचे एक गृहस्थ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडलं आणि घरोघर, शेतोशेत फिरून गावाची पाहणी केली. ती १९१७ साली पुस्तकरूपानं आली, म्हणजे लढाई चालू असतानाच. त्यांना असं आढळलं, की १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. आणि ही सात एकरही एका ठिकाणी नाही. भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे तुकडे झालेले. एक तुकडा ओढ्याकडेला, एक माळावर, एक गावकुसाला. बैल एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर नेईपर्यंत ऊन चढायचं. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये पंधरा-वीस मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत आणि तिथं एकरावर कोणी बोलत नाही, चौरस फुटावर बोलतात.

सात एकर कोरडवाहू, तीन भाऊ, सावकाराचं देणं आणि पाऊस बेभरवशाचा. अशा घरातून एक भाऊ बाहेर पडला तर खाणारं तोंड कमी होतं आणि मनिऑर्डर यायला लागते. एक भाऊ मुंबईला गिरणीत, एक फौजेत, एक शेतावर, ही वाटणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. १९१४ साली शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. शांततेच्या काळात खाण्याचा खर्चही त्यातूनच जायचा. तरीसुद्धा ते अकरा रुपये रोख होते. शेतात रोख पैसा वर्षातून एकदा दिसतो, तोही सावकार खळ्यावर येऊन बसला नसेल तर.

पुढे माणसं कमी पडायला लागली तशी सरकारनं सवलती वाढवल्या. भरती होतानाच बक्षिसाची रक्कम मिळू लागली, शिधा फुकट झाला. मामलेदार, पाटील, तलाठी यांच्या मागे भरतीचा तगादा लागला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी भरतीला मदत केली. आणि इकडे पुण्यात लोकमान्य टिळकांची भूमिका मोठी बघण्यासारखी होती. टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, शिपाई म्हणून मरायला आम्ही चालतो तर अधिकारी म्हणून का चालत नाही? जून १९१८ मध्ये मुंबईला गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. टिळक तिथं स्वराज्याचा विषय काढून बोलू लागले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना मध्येच थांबवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी माणसांना कमिशन देण्याचं वचन तुम्ही व्हाइसरॉयकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणूस देतो, न दिला तर ही रक्कम दंड समजा. गांधीजींनी तो चेक परत केला. पुढाऱ्यांचे हे हिशोब चालू होते तेव्हा शेतकऱ्याचं पोर मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढलंही होतं.

पुण्याचं नाव या लढाईत अगदी पहिल्यापासून आहे. खडकीला बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचं ठाणं. त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या फ्रान्सला गेल्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव शापेल इथल्या गल्ल्यांमधून त्यांना पायदळासारखं लढायला लावलं. ही माणसं खरी पूल बांधणारी, खंदक खणणारी. त्या दिवशी त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले आणि जवानांचंही मोठं नुकसान झालं. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकार उघडून वाचत असे. त्यातले उतारे इंग्रजीत करून घेत. आज जे उरलंय ते बहुतेक ते भाषांतरच. मूळ अक्षर गेलं. मी कवितेच्या वाटेचा माणूस, मला ही गोष्ट फार लागते. कोणीतरी एका भाकरीच्या आठवणीनं मराठीत चार ओळी लिहिल्या असतील आणि आज त्या फक्त एका कारकुनाच्या इंग्रजीत जिवंत आहेत.

पण आपल्या भागातल्या माणसाची खरी लढाई फ्रान्समध्ये झाली नाही. ती मेसोपोटेमियात झाली, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिकडे जी फौज गेली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. हिच्या एका ब्रिगेडला पूना, दुसरीला अहमदनगर आणि तिसरीला बेळगाव असं नाव होतं. तीनही ब्रिगेडमध्ये गोऱ्यांच्या, राजपुतांच्या, पंजाब्यांच्या पलटणींबरोबर मराठ्यांची एकेक पलटण होती: १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. या मराठा पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे फारसं कोणी सांगत नाही. घाटावरचा पठाण, शेख, मुलाणी, इनामदार याच पलटणीत होता. त्याचीही सात एकरच होती.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज शत अल-अरबच्या मुखाशी फाव इथं उतरली. बसरा घेतलं. मग नदीच्या काठाकाठानं वर. अमारा, कूट, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन. अरब लोक त्या जागेला सलमान पाक म्हणतात, कारण पैगंबरांचे सोबती हजरत सलमान फारसी यांची कबर तिथं आहे. दख्खनच्या मुसलमान शिपायानं लहानपणी मौलवीच्या तोंडून ऐकलेलं नाव आणि समोर त्या नावाचं गाव, हातात बंदूक, आणि पलीकडे खलिफाची फौज. तुर्कस्तानच्या सुलतानानं नोव्हेंबर १९१४ मध्येच जिहाद पुकारलेला होता. या माणसाच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, त्याचा अंदाज मी करत नाही. तो लढला एवढं खरं. आणि त्याच्या बाजूला मराठा लढला हेही खरं.

टेसिफोनला फौजेचं कंबरडं मोडलं. जनरल टाउनशेंड माघार घेत कूटला आला आणि तिथं तुर्कांनी वेढा घातला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस. तिग्रीस नदीच्या वळणात वसलेलं ते चिखलमातीच्या घरांचं गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेत मराठ्यांची एक मिश्र पलटण होती. आत अडकलेल्या पलटणींसाठी हिंदुस्थानातून जे नवे जवान आले होते, त्यांची जोडून बनवलेली. म्हणजे आतही मराठे आणि बाहेरही मराठे, मध्ये तुर्की खंदक. बाहेरच्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि आतले सुटले नाहीत ते नाहीतच.

या वेढ्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. गावात शोधाशोध केल्यावर पुरून ठेवलेलं धान्य सापडलं, पण दळायचं कसं? तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या गेल्या. युद्धात विमानातून रसद टाकण्याचा तो जगातला जवळजवळ पहिलाच प्रसंग. इकडे घरी बायका पहाटे जात्यावर बसून धन्याच्या नावानं ओव्या म्हणत असतील आणि तिकडे धन्याला दळायला आभाळातून जातं पडत होतं.

धान्य संपत आलं तशी घोडी आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपाई खायला तयार होईनात. हिंदूंना तर ते चालणारच नव्हतं. मुसलमानांमध्येही मतभेद. आमच्याकडे घाटावर बहुतेक हनफी, त्यांच्यात घोड्याचं मांस मकरूह समजतात. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांना ते चालतं. टाउनशेंडनं हिंदुस्थानातून पंडितांचे आणि मौलवींचे निरोप मागवले, की अशा वेळी खायला हरकत नाही. निरोप आले. तरी जवान खाईनात. भीती देवाची कमी आणि गावाची जास्त. परत गेल्यावर लोक वाळीत टाकतील, पोरींची लग्नं होणार नाहीत, हा विचार तिग्रीसच्या काठावर उपाशी मरतानासुद्धा सुटला नाही. शिपायाला सरकार विसरतं, पण शिपाई गावाला विसरत नाही. शिधा उतरत उतरत दिवसाला चार-पाच औंस पिठावर आला. मीठ, भाजी नाही, हिरड्या सडायला लागल्या, स्कर्व्हीनं माणसं रुग्णालयात पडली. सैनिकांनी रानातलं गवत, पाला उकडून खाल्ला. काहींना त्यातून विषबाधा झाली. शेवटी एप्रिलमध्ये हजारो जणांनी घोड्याचं मांस तोंडात घातलं. तोवर फार उशीर झाला होता.

शरण आलेल्यांची संख्या तेरा हजारांच्या आसपास. त्यांत बहुसंख्य हिंदी. टाउनशेंडला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावरच्या बंगल्यात सन्मानानं ठेवलं. जवानांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. वाटेत जो पडला तो पडला. बगदाद रेल्वेच्या कामावर, रास अल-ऐनच्या छावणीत त्यांच्याकडून खडी फोडून घेतली. मुसलमान कैद्यांना तुर्कांनी वेगळं काढलं, खलिफाच्या नावानं आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. काही वळले, बरेचसे वळले नाहीत. युद्ध संपून घरी परतलेल्यांचा आणि न परतलेल्यांचा हिशोब लागायला वर्षं गेली. हजारोंचा शेवटपर्यंत लागला नाही.

आता यातून वाचून आलेल्या माणसाला गावात काय दिसलं? १९१८ साली पाऊस बुडालेला. त्याच साली इन्फ्लुएन्झा. मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. धारण महाग, कापड महाग. म्हणजे लढाईला गेलेला जिवंत आणि घरी राहिलेले मेले, असंही पुष्कळ घरांत झालं. पंजाबात शिपायांना कालव्याखालच्या नव्या वसाहतींमधून जमिनी वाटल्या. दख्खनच्या पठारावर तसे कालवे आणायचे कुठून? काहींना जमीन मिळाली, काहींना जंगी इनाम म्हणून रोख तनखा मिळाला, बाकीच्यांना पेन्शन आणि बिल्ले. आणि मुळशी पेट्यात तर उलटंच झालं. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी जायला लागल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं सत्याग्रह सुरू झाला, १९२४ पर्यंत चालला आणि शेवटी धरण झालंच.

त्याच १९२१ साली, १९ नोव्हेंबरला, प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यात आला. दोनच दिवस आधी मुंबईत त्याच्या आगमनावर बहिष्कार पडून दंगल उसळली होती. पुण्यात मात्र त्याच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाचा आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाचा पायाभरणी समारंभ झाला. शाहू महाराजांनी यासाठी खटपट केली होती. महाराज पुढच्याच वर्षी मे महिन्यात गेले. शिल्पकार करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला. तो आज शिवाजीनगरला आहेच. मराठ्यांच्या रक्ताचा मोबदला म्हणून इंग्रजानं शिवाजीला मान दिला, असं तेव्हा बोललं गेलं. मला स्वतःला हा सौदा फार स्वस्तातला वाटतो.

१९२२ साली फौजेची फेररचना झाली. जुने नंबर गेले आणि सहा मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. बेळगाव तिचं केंद्र झालं. १०३ नंबरची ती पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात. कूटला शरण गेलेली ११० नंबरची ती तिसरी बटालियन. कूटनंतर तिची पुन्हा उभारणी झाली होती. ११७ नंबरची, तीही कूटचीच, तिला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल 'रॉयल' हा किताब मिळाला. नंबर बदलले तरी गावं तीच राहिली. बापाच्या पलटणीत मुलगा, चुलत्याच्या पलटणीत पुतण्या.

म्हणून दुसऱ्या लढाईची गोष्ट पहिल्यापासून वेगळी काढता येत नाही. पेन्शनीवरून परत बोलावलेला बाप कुठंतरी पहाऱ्यावर आणि मुलगा त्याच्याच जुन्या पलटणीबरोबर आफ्रिकेत किंवा इटलीत, असं कितीतरी घरांचं झालं. तिसरी बटालियन १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुक पडल्यावर कैद झाली. एका पिढीनं तुर्कांची कैद भोगली, पुढचीनं इटालियनांची आणि जर्मनांची.

याच तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक यशवंत घाडगे होते. रायगड, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा, माणगाव तालुक्यातलं पळसगाव-आंबेगाव त्यांचं गाव. १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले इतर सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली, आणि गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून राहिलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. लगेच शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. ज्या पलटणीनं कूटला हत्यारं खाली ठेवली, तिला अठ्ठावीस वर्षांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही. कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोन्तोने गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं.

दुसरे नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे, पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर, कंपनी कमांडरचे निरोप्या असताना, त्यांनी दोन जखमींना गोळीबारातून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर मागे आणलं. मग एकट्यानं मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर बंदूक फेकून हातबाँब घेतले. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत त्यांनी बाकीच्यांना हाक दिली. जाधव जिवंत राहिले. पुढे पुण्यात राहिले आणि १९८४ मध्ये इथंच गेले. पुण्याच्या बसमधून, बाजारातून हा माणूस फिरला असेल आणि शेजारच्याला पत्ता नसेल.

महार समाजाची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. कंपनी सरकारच्या काळापासून लढलेल्या महारांची भरती १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानं १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. म्हणजे मराठा शेतकऱ्याला दोन्ही लढायांत निदान दार उघडं होतं. वतनाच्या तुकड्यावर जगणाऱ्या महाराला मध्ये वीस वर्षं दारच बंद. पहिल्या लढाईत घेतलेली कवायत त्याच्या अंगात तशीच राहून गेली, आणि दार उघडलं तोवर भरतीच्या वयाचा त्याचा मुलगा झालेला.

दुसऱ्या लढाईत हिंदुस्थानातून पंचवीस लाख माणसं गेली, पहिलीत तेरा लाखांच्या आसपास. पण दुसरीनंतर गावात पाट्या बसल्या नाहीत. बसवणारा इंग्रज निघून गेला आणि आपल्या नव्या सरकारला, साहजिकच, परक्याच्या लढाईचा अभिमान वाटला नाही. स्वातंत्र्यसैनिकाला ताम्रपट मिळाला, तो मिळायलाच हवा होता. ज्यानं दोन महायुद्धं पाहिली त्याला मात्र गावात 'इंग्रजाचा शिपाई' हे नाव पडलं. राज्य सरकारनं पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून ते मिळत आलं. पण तोवर पहिल्या लढाईचे बहुतेक सगळे जण निघून गेले होते.

नावांचं काय झालं तेही सांगतो. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं एकूण एक कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार फक्त आकडा दिला. नावं एका रजिस्टरात. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या सरकारनं ते स्मारकच बंदरातून उचलून वाळवंटात नेऊन ठेवलं. पुण्यात खडकीला युद्ध स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथं रांगेत, नावानिशी, गवत कापून जपलेल्या आहेत. बहुतेक ब्रिटिश. कोणाच्याही कबरीबद्दल माझी तक्रार नाही, जरूर जाऊन बघा, फार शांत जागा आहे. या कबरी राखणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानंच २०२१ साली एक अहवाल काढून कबूल केलं, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या निदान १ लाख १६ हजार जणांची नावानं किंवा अजिबातच नोंद झालेली नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. त्यांत मुख्यतः पूर्व आफ्रिकेतली आणि इजिप्तची माणसं आहेत. एकशे पाच वर्षांनी, कूट पडलं त्याच एप्रिल महिन्यात, हे कबूल झालं.

तर दगडावर आकडा, स्मारकावर आकडा. नाव कुठं राहिलं असेल? एका जागी राहिलेलं असतं आणि ती जागा तुमच्या घरात असू शकते. पहिल्या महायुद्धाचे जे बिल्ले दिले गेले, त्यांच्या कडेवर मिळवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. लढणाऱ्याला चांदीचा मिळायचा, हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी यांना तोच काशाचा. चांदीचे बहुतेक सगळे सोनाराकडे गेले. दुष्काळात, लेकीच्या लग्नात, आजारपणात. आटवून त्यांची जोडवी झाली, तोडे झाले, आणि नाव मुशीत वितळलं. काशाचे उरले, कारण त्यांना कोणी घेत नव्हतं.

तेव्हा घरी आजोबा-पणजोबांचा जुना पत्र्याचा डबा असेल, माळ्यावरची पेटी असेल, तर उघडून बघा. त्यात गोल बिल्ला सापडला तर त्याच्यावरचा राजाचा चेहरा बघू नका, कड बघा. राख किंवा चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. ओलसर फडक्यानं पुसा, उजेडात तिरका धरा, भिंग असेल तर घ्या. इंग्रजी मोठ्या अक्षरांत आधी नंबर दिसेल, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. नाव वेडंवाकडं लिहिलेलं असेल, गोऱ्या कारकुनाला ऐकू आलं तसं. मोठ्यानं वाचून बघा, म्हणजे कळेल. त्याच डब्यात सहा टोकांचा ताराही असेल, तर तो दुसऱ्या लढाईचा. त्याच्यावरही बऱ्याचदा मागच्या बाजूला नाव असतं. दोन्हींवर नाव एकच आहे की बाप-लेकांची दोन आहेत, ते ताडून पाहा, आणि एका कागदावर मराठीत लिहून ठेवा.